दोधूनानांची हरवलेली शिंक

सकाळी साडेनऊला दोधूनाना पाटलांनी दिलवरसिंगच्या पोत्यातली एक मिरची उचलली, मोडली, डोळे मिटून नाकाशी धरली आणि छाती भरून वास घेतला. पथारीवरच्या सगळ्या बाया हातातलं काम थांबवून वाट बघत राहिल्या. नाना शिंकले नाहीत.

आता मिरचीचा वास घेऊन एखादा माणूस शिंकला नाही, ही काही छापून यावी अशी बातमी नव्हे. पण हे नंदुरबार होतं आणि नाक दोधूनानांचं होतं. हिवाळ्यात गावाबाहेरच्या मोकळ्या रानात पथारी पडतात, नजर पोचेल तिथवर लाल मिरची वाळत असते आणि वारा फिरला की अर्धं गाव शिंकतं. इथे शिंकणाऱ्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. नानांच्या शिंका मात्र लोक मोजत. एक शिंक म्हणजे माल साधा, दोन म्हणजे बरा, आणि लागोपाठ तीन आल्या की पहिला नंबर. एरवी शब्दाला शब्द लावून भांडणारे शेतकरी नानांच्या नाकापुढे मुकाट होत. तीस वर्षं ही पद्धत विनातक्रार चालत आली होती.

नानांनी दुसरी मिरची मोडली, बिया तळहातावर चोळल्या आणि हात नाकावर दाबून धरला. काही नाही.

"नाना, मन्ही मिरची फिक्की शे का?" दिलवरसिंगने विचारलं. तो पहाटेच्या थंडीत धडगावकडच्या डोंगरातून माल घेऊन उतरला होता. त्याचा चेहरा पडला.

"थांब रे भो, जरा थांब," म्हणत नानांनी तिसरी मिरची जवळजवळ नाकपुडीतच कोंबली.

देठ खुडणाऱ्या बायांची म्होरकी धनुबाई उठून जवळ आली. तिने नानांकडे पाहिलं, मिरचीकडे पाहिलं आणि स्वतःच दोनदा शिंकली. मग हळू आवाजात म्हणाली, "नाना, तुम्हले वास येस ना?"

खोटं बोलायला नानांना सुचलं नाही. "नही व धनुबाई. काहीच वास येस नही."

धनुबाईने पदर नाकाला लावला आणि चार पावलं मागे सरकली. "व माय! माले कोरोना व्हयेल व्हता ना, तव्हय असंच व्हयनं. पहिलं वासच गया!"

तिच्या मागच्या पंचवीस बायांनी एकदम पदर लावले आणि सगळी रांग चार पावलं मागे गेली. दिलवरसिंग तेवढा पोत्याजवळच उभा राहिला, कारण त्याला अजून नंबर मिळाला नव्हता. नाना मधोमध एकटे पडले. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो स्वतःचा नव्हताच. आज गुरुवार. आज दुपारी बाराच्या आत बाळ घरी यायचं होतं.

बाळ म्हणजे नानांची पहिली नात. सून रूपाली बाळंतपणाला म्हसावदला माहेरी गेली होती. बाराव्या दिवशी नाना पथारीवरून थेट तिकडे धावले ते मिरचीच्या कपड्यांनीच. उंबऱ्यातच त्यांची विहीण नर्मदाबाई आडवी आली. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई. नोकरीत शिकलेली छापील मराठी ती घरातही सोडत नसे. "पथारीवरून आलात ना, पाटील? बाळ लांबूनच पाहायचं," ती म्हणाली. नानांनी खिडकीच्या गजांतून गुलाबी दुपट्यातला एक कान पाहिला आणि परत आले. त्या एका कानावर त्यांनी जवळजवळ महिना काढला होता.

त्यात टीव्हीवर तो नवा विषाणू आला. चार इंग्रजी अक्षरांचं नाव, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळा, म्हणे. नाना बासष्टचे आणि नात चाळीस दिवसांची, म्हणजे दोन्हीकडून कात्रीत सापडलेलं घर. सोमवारी म्हसावदला फोन लावला, तर फोनमधून बाळाची शिंक ऐकू आली. नाना खुर्चीतून उठून उभे राहिले. "विहीणबाई, पोर शिंकनी! दवाखानामा न्या!" नर्मदाबाईने त्यांना जागेवरच बसवलं. "पाटील, बाळं शिंकतातच. नाक मोकळं करतात. शिंक आली म्हणजे नाक चालू आहे. तुमच्या घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर मात्र आधी सांगा. मग मी बाळाला पाठवणार नाही. सरळ अक्षय्य तृतीयेला बघू."

हे शेवटचं वाक्य नानांच्या काळजात रुतलं. फोन ठेवला आणि ते तडक महावीरच्या मेडिकलवर गेले.

महावीरने एक छोटी ट्यूब काढली. "नाना, हाऊ नाकमा लावाना जेल शे. आतून पातळ थर बसतो, विषाणू त्यात चिकटतात, असं कंपनी म्हणते. थोडाफार अडथळा होतो, बाकी मास्क न् हात धुवानं सोडू नका. मूगना दाणाएवढा, दिनमा दोन टाइम. कागद वाचा बरं."

नानांनी कागद वाचला नाही. अडथळा म्हटल्यावर त्यांना सगळं समजलं. जन्मभर त्यांनी पथारीवर ताडपत्री टाकली होती. दव पडायचं असेल तर एक ताडपत्री, ढग असतील तर दोन, आणि गारांचं चिन्ह असेल तर जितक्या असतील तितक्या. जिथे पातळ थर विषाणू अडवतो तिथे जाड थर काय करील, हे सांगायला कागद कशाला हवा? सोमवारी रात्री त्यांनी मुगाएवढा जेल लावला, मंगळवारी सकाळी हरभऱ्याएवढा आणि बुधवारपासून थेट ट्यूबचं तोंडच नाकात. आज सकाळी पथारीवर निघताना, नात यायचा दिवस म्हणून, दोन्हीकडे चांगला दाबून भरला होता. श्वास तोंडाने घ्यावा लागत होता, पण त्याने उलट त्यांना सुरक्षित वाटत होतं.

असा सगळा बंदोबस्त करूनही विषाणू आत शिरला, म्हणजे तो साधा नसणार. नाना पथारीवरून तडक घराकडे निघाले. मागून दिलवरसिंगचा आवाज आला, "नाना, मन्ही मिरचीनं काय?" नानांनी वळून पाहिलं नाही.

घरी रुक्मिणीबाई, म्हणजे नानांची बायको, पाळण्याला झेंडूची माळ बांधत होती. नाना पुढच्या दाराने न येता बाहेरच्या जिन्याने सरळ गच्चीवरच्या खोलीकडे चढू लागले.

"आवो, घरमा येवानं सोडी वर कोठे चालनात?"

"जवळ येऊ नको! माले हात लावू नको! मन्हा वास गया!"

"कसाना वास गया?"

"बठ्ठा! सगळा वास गया!" एवढं बोलून नानांनी खोलीत शिरून आतून कडी लावली.

रुक्मिणीबाई घाबरणारी बाई नव्हती. घरातल्या भीतीचा सगळा वाटा नानांनीच उचलल्यामुळे तिच्यासाठी काही उरतच नसे. तिने लसूण ठेचून दाराच्या फटीशी ठेवला. "येस का वास?" "नही." हिंगाची डबी उघडून धरली. "आते?" "नही व." मग तिने कंबर कसली. कढईत तेल तापवलं, मूठभर लाल मिरची तडतडवली, ती धुराची कढई जिन्याच्या वरच्या पायरीवर नेऊन ठेवली आणि पदर तोंडात कोंबून खाली पळाली.

त्या फोडणीने गल्ली हादरली. समोरच्या घरातून खोकला ऐकू आला, शेजारचं कुत्रं शिंकत बाहेर पळालं, चार दारं उघडली आणि चारही दारांतून माणसं ठसकत रस्त्यावर आली. एवढ्यात पथारीवरून बातमी घेऊन धनुबाई आणि दोघी-तिघी गल्लीच्या तोंडाशी पोचल्या होत्या. नानांच्या घरासमोरची सगळी माणसं खोकताना पाहून त्या जागच्या जागी थांबल्या.

"व माय," धनुबाई म्हणाली, "गल्लीभर पसरी गया!"

वर खोलीत नानांना वास आला नाही. पण धूर दाराच्या फटीतून आत आला, आणि डोळ्यांना काही कुणी जेल लावलेला नव्हता. नानांचे डोळे घळाघळा वाहू लागले. ते हादरले. दुसरं लक्षण! तोंडाने श्वास घेत असल्यामुळे धूर घशात गेला आणि घसा जळायला लागला. तिसरं लक्षण! खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. टीव्हीवर सांगितलेलं सगळं एका तासात, सांगितलेल्या क्रमाने होत होतं. नाना खाटेवर बसले, खिशातून ट्यूब काढली आणि जे विषाणू आत शिरले ते शिरले, निदान मागून येणारे तरी अडावेत म्हणून उरलासुरला जेल पिळून नाकात भरला. घाईघाईत थोडा मिशीलाही लागला.

मग ते खिडकीशी जाऊन बसले. खाली अंगणात पाळणा दिसत होता. पाळण्यात काल त्यांनीच बाजारातून आणलेली चिमणीची खेळणी टांगलेली होती. नानांना रडू आलं, आणि यातलं मिरचीचं किती आणि मनाचं किती हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आपण मरू याची भीती त्यांना होतीच. पण आपला एक श्वास त्या एवढ्याशा कानापर्यंत पोचला तर, ही भीती तिच्याहून मोठी होती.

त्यांनी चंदनला फोन लावला. चंदन, त्यांचा मुलगा, बायको, बाळ आणि सासूला आणायला सकाळीच गाडी घेऊन म्हसावदला गेला होता.

"नाना, आम्ही प्रकाशाचा पूल वलांडा," चंदन खुशीत म्हणाला. "अर्धा तासमा पोचतस. पोर झोपेल शे."

"गाडी फिरव," नाना म्हणाले.

"काय?"

"गाडी माघारी फिरव. पोरले घर आनू नको. माले व्हयनं शे ते. ते टीव्हीवालं."

फोन स्पीकरवर असावा, कारण पुढचा आवाज नर्मदाबाईचा होता. "पाटील, तुमचा आवाज असा का येतोय? नाक बंद आहे?"

"हां. वास गया. डोळा गळी ऱ्हायनात. घसा जळी ऱ्हायना. खोकला शे." नाना एक-एक लक्षण कबूल करत गेले आणि प्रत्येकाबरोबर त्यांना अक्षय्य तृतीया दिसत गेली. "विहीणबाई, मी काय सांगू? तुम्हीच बरोबर व्हतात. पोरले परत लई जा. मन्हा आशीर्वाद तठूनच सांगा तिले."

फोनमधून रूपालीच्या रडण्याचा आवाज आला.

"गाडी फिरवायची नाही," नर्मदाबाई म्हणाली. "बाळ गाडीत बसेल, काचा बंद करून. मी एकटी वर येते. तुम्ही कशालाही हात लावू नका."

गाडी गल्लीत शिरली तेव्हा गल्लीतला खोकला ओसरला होता, पण माणसं अजून लांब उभी होती. त्यांच्यात दिलवरसिंगही होता. त्याने मिरच्यांचा नमुना रुमालात बांधून आणला होता. नर्मदाबाई उतरली. तोंडाला मास्क, हातात मोजे, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात जुनी चामड्याची पर्स. जिन्यावर कढई पाहून ती थांबली, कढईकडे आणि रुक्मिणीबाईकडे पाहिलं आणि कढई ओलांडून वर गेली.

नानांनी कडी काढली आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. तिने ताप पाहिला, नव्हता. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, अठ्ठ्याण्णव. मग म्हणाली, "मान वर करा," आणि नाकात टॉर्च मारला.

बराच वेळ ती वाकून पाहत राहिली. नानांनी डोळे मिटले.

"पाटील, मला तुमचं नाक दिसत नाहीये," ती म्हणाली. "आत हे काय भरलंय?"

नानांनी खिशातून चपटी झालेली ट्यूब काढून दिली. नर्मदाबाईने ती उजेडात धरली. "एक महिना पुरते ही. कधी घेतली?"

"सोमवारले."

"दिवसातून किती वेळा लावता?"

"भीती वाटनी का लावस."

"आणि भीती किती वेळा वाटते?"

नाना खाली मान घालून म्हणाले, "सोमवारपासून थांबेलच नही."

नर्मदाबाई रागवायला तोंड उघडत होती, ती थांबली. तिने मोजा काढला आणि पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात बोलली. "अहो, मुगाएवढा लावायचा असतो. ती ताडपत्री आहे का? वास आत शिरायला वाट ठेवलीत कुठे तुम्ही? नाकाला बूच मारून बसलात आणि वर जिन्यात फोडणी! डोळे गळतील नाही तर काय होईल?"

उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी आलं. नानांना ओणवं करून तिने नाक धुवायला लावलं. एकदा, दोनदा, चारदा. जे निघालं त्याचं वर्णन न केलेलं बरं. पाचव्या वेळी नानांनी मान वर केली, आणि त्यांचा चेहरा बदलला. आधी नाकात करपलेली फोडणी शिरली. मग दारातला लसूण, मग हिंग, मग स्वतःच्या सदऱ्याला चिकटलेली सबंध पथारी. नाना शिंकले. पुन्हा शिंकले. गच्चीचे पत्रे थरथरावेत अशा सात शिंका त्यांनी लागोपाठ दिल्या.

"शिंकनात!" खालून धनुबाई ओरडली. "व बाया, नाना शिंकनात! बची गयात!"

आणि एका माणसाच्या शिंकण्याने सगळ्या गल्लीच्या जिवात जीव आला. नंदुरबारमध्येच हे होऊ जाणे.

यानंतर नानांनी दोनदा साबण लावून आंघोळ केली, मिरचीचे कपडे बादलीत बुडवले, पेटीतला धुवट सदरा घातला आणि नर्मदाबाईने दिलेला मास्क लावला. कढई मागच्या अंगणात गेली. घर उघडं ठेवून धूर जाऊ दिला. बाराला दहा मिनिटं कमी असताना रुक्मिणीबाईने बाळावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, रूपाली उंबरा ओलांडून आत आली, आणि नर्मदाबाईने स्वतःच्या हाताने बाळ उचलून ओटीवर बसलेल्या नानांच्या मांडीवर ठेवलं.

"मानेखाली हात धरा," एवढंच ती म्हणाली.

नानांनी हात धरला. दोन कान होते. त्यांनी दोन्ही नीट पाहून घेतले. मास्कमधूनही त्यांना दुधाचा, पावडरचा आणि धुरी दिलेल्या दुपट्याचा वास आला. सकाळपासून आपण काय हरवून बसलो होतो ते त्यांना आत्ता कळलं.

तेवढ्यात बाळ शिंकलं.

नर्मदाबाईच्या हातातला पाण्याचा पेला खाली पडला. चौतीस वर्षांत हजार बाळांच्या शिंका ऐकलेली ती बाई, एकदम उठली आणि तिची छापील मराठी कुठल्या कुठे गेली. "माय व माय! पोर शिंकनी! चंदन, गाडी काढ! दवाखानामा चाल! माले वाटेलच व्हतं, आनालेच नको व्हतं पोरले!"

चंदन किल्ली शोधायला लागला. रूपाली रडकुंडीला आली. सगळ्यांनी आता नानांकडे पाहिलं, कारण घाबरण्याचं खातं त्यांचं होतं. नाना मात्र जागचे हलले नाहीत. नातीच्या मानेखालचा हातही हलला नाही.

"बसा, विहीणबाई," ते शांतपणे, शाळेत शिकलेल्या मराठीत म्हणाले. "बाळं शिंकतातच. नाक मोकळं करतात. शिंक आली म्हणजे नाक चालू आहे."

नर्मदाबाई हळूहळू खाली बसली. थोड्या वेळाने, कुणाला ऐकू जाणार नाही असं, तिने विचारलं, "ती ट्यूब कोना दुकानवर भेटस?"

"महावीरकडे," नाना म्हणाले. "पन मूगना दाणाएवढीच."

बाळ पुन्हा शिंकलं. मग तिसऱ्यांदा. नानांनी मान वर करून वाऱ्याची दिशा पाहिली. अंगणाच्या फाटकाशी दिलवरसिंग उभा होता. सकाळपासून ताटकळलेल्या त्या माणसाने, नानांचं नाक सुधारल्याचं ऐकून, रुमालाची गाठ नुकतीच सोडली होती.

नानांनी मोकळ्या हाताने दुपटं बाळाच्या तोंडावर ओढून घेतलं आणि त्याच हाताची तीन बोटं वर केली. "दिलवरसिंग, तीन! पहिला नंबर! आते तो रुमाल बांध आनि पहिलं तठून दूर हो."

दिलवरसिंगने घाईघाईने गाठ मारली. पण माणूस व्यवहाराला पक्का. चार पावलं मागे जाऊन त्याने तिथूनच विचारलं, "नाना, हाई शिंक चाली का?"

"चाली," नाना म्हणाले. "नाक घरनंच शे."